व्याध : रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा

निरभ्र रात्री नुसत्या डोळ्यांनी आपल्याला एका वेळी दोन-तीन हजार तारे दिसू शकतात. या सर्वांमध्ये तेजाच्या दृष्टीने पहिला मान ज्या ताऱ्याला मिळतो, तो म्हणजे व्याध. संस्कृत ग्रंथांत त्याला मृगव्याध किंवा लुब्धक म्हटले आहे. पाश्चात्त्य जग त्याला सिरियस या नावाने ओळखते. लातूर-नांदेडच्या परिसरातील प्रत्येकाने हा तारा शेकडो वेळा पाहिलेला असतो. मात्र त्याचे नाव आणि त्याचे स्वरूप फारच थोड्यांना माहीत असते. आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने आजी-माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना या ताऱ्याची ओळख करून द्यावी, तसेच त्याच्याविषयी माणसाला जे कळले ते कोणत्या मार्गाने कळले हे सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्याध कसा ओळखावा?

व्याध ओळखण्यासाठी प्रथम मृग नक्षत्र शोधावे. थंडीच्या दिवसांत पूर्वेकडून वर येणारा चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि त्याच्या मध्यभागी एका ओळीत असलेले तीन तारे, ही मृगाची खूण होय. या तीन ताऱ्यांना आपल्याकडे बाण म्हणतात. प्रजापतीने मृगाचे रूप घेऊन रोहिणीचा पाठलाग केला आणि व्याधाने त्याला बाण मारला, अशी प्राचीन कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी आकाशाचा नकाशा लक्षात ठेवण्यास ती उपयोगी पडते. बाणाची रेषा एका बाजूला वाढवली की तांबूस रोहिणीजवळ पोहोचते आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की शुभ्र, झगझगीत व्याधाजवळ. त्या भागात दुसरा इतका तेजस्वी तारा नसल्याने चूक होण्याचा संभव नाही.

शिरूर अनंतपाळ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सव्वाअठरा अंशांवर आहे. त्यामुळे येथून पाहता व्याध अगदी पूर्वेला न उगवता पूर्वेपासून सुमारे अठरा अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, दक्षिण आकाशात सुमारे ५५ अंशांपर्यंत चढतो आणि सव्वाअकरा तासांनी मावळतो. हात लांब करून वळलेली मूठ डोळ्यांसमोर धरली, तर ती सुमारे दहा अंश व्यापते. क्षितिजापासून साडेपाच मुठी मोजल्या की व्याधाची सर्वोच्च जागा सापडते. जानेवारीच्या आरंभी तो मध्यरात्रीच्या सुमारास या जागी असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास.

येथे विद्यार्थ्यांनी एक साधा प्रयोग अवश्य करावा. रोज ठरावीक जागी उभे राहून व्याध इमारतीच्या एका ठरावीक कोपऱ्याआड जातो ती वेळ वहीत नोंदवावी. ही वेळ दररोज सुमारे चार मिनिटांनी अलीकडे येते, हे आठवडाभरात ध्यानी येईल. महिन्याला हा फरक दोन तासांचा होतो आणि वर्षाने तारा पुन्हा त्याच वेळी त्याच जागी येतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या पुस्तकातील वाक्याचा पडताळा मुलाला एका वहीत आणि एका घड्याळात मिळू शकतो. त्यासाठी दुर्बिणीची गरज नाही.

मृगाचा पाऊस आणि न दिसणारा मृग

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या बोलण्यात मृगाचे नाव वर्षातून एकदा हमखास येते. जूनच्या सात-आठ तारखेला ‘मृग निघाला’ असे आपण म्हणतो आणि पेरणीकडे डोळे लावतो. परंतु त्या रात्री मृग नक्षत्र पाहण्यासाठी अंगणात जावे, तर ते कोठेच दिसत नाही. याचे कारण असे की ‘मृग निघाला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. ज्या नक्षत्रात सूर्य असतो, ते दिवसा सूर्याबरोबर उगवते आणि सूर्याबरोबरच मावळते. त्यामुळे मृगाच्या पावसात मृग दिसत नाही आणि जूनच्या मध्यापासून व्याधही सूर्याच्या तेजात लपतो. जुलैच्या अखेरीनंतर तो पहाटे पूर्वेकडे पुन्हा डोके वर काढतो. ढग उघडले, तर ऑगस्टमध्ये तो पहाटे सहज दिसतो.

पहाटेच्या या पहिल्या दर्शनाला प्राचीन इजिप्तमध्ये मोठे महत्त्व होते, कारण ते नाईल नदीच्या पुराच्या आगेमागे घडत असे. तेथील लोकांनी त्यावरून वर्षाची गणना केली. आपल्याकडील पर्जन्यनक्षत्रांची परंपरा हीदेखील मुळात दिनदर्शिकाच होय. छापील कॅलेंडर नसलेल्या काळात ऋतू ओळखण्याचे ते उत्तम साधन होते. मात्र साधन आणि कारण यांत अंतर आहे. घड्याळात बारा वाजले म्हणून सूर्य डोक्यावर येत नाही. त्याचप्रमाणे मृग लागले म्हणून पाऊस पडत नाही. पाऊस समुद्रावरील वाफेमुळे आणि मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. नक्षत्राचे ‘वाहन’ बेडूक आहे की गाढव, यावर सोयाबीनची पेरणी ठरवणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजणे त्याच्या पोटापाण्याशी निगडित आहे.

तेज : दिसणारे आणि असणारे

ताऱ्याचे तेज ‘प्रत’ या मापाने सांगतात. प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा असतो. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक. व्याधाची प्रत उणे १.४६ आहे, म्हणजे अंधुकातील अंधुक ताऱ्यापेक्षा तो सुमारे हजारपट तेजस्वी दिसतो. शुक्र आणि गुरू त्याच्यापेक्षा अधिक चमकतात. पण ते ग्रह आहेत, त्यांचा प्रकाश सूर्याकडून उसना घेतलेला असतो. व्याधाचा प्रकाश त्याचा स्वतःचा आहे.

परंतु सर्वांत तेजस्वी दिसणारा तारा खरोखरच सर्वांत तेजस्वी असतो काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच आकाशात आहे. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊला व्याध दक्षिणेला सर्वांत उंच आलेला असताना त्याच्या जवळजवळ सरळ खाली, निलंग्याच्या बाजूला क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा किंचित कमी उंचीवर, आणखी एक ठळक तारा दिसतो. हा अगस्त्य. तेजात त्याचा क्रमांक दुसरा असून व्याधाच्या निम्म्याने तो चमकतो. लंडनसारख्या शहरातून तो कधीच दिसत नाही. आपण दक्षिणेकडे राहत असल्याने आपल्याला तो दरवर्षी पाहायला मिळतो.

आता या दोघांची अंतरे पाहू. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. त्या वेगाने व्याधाहून येथे येण्यास त्याला सुमारे आठ वर्षे सात महिने लागतात. एखादा विद्यार्थी दुसरीच्या वर्गात बसला त्या जून महिन्यात व्याधावरून निघालेला किरण, तो विद्यार्थी दहावीत असताना जानेवारीच्या रात्री त्याच्या डोळ्यांत शिरतो. किलोमीटरमध्ये हे अंतर सुमारे ८१ लाख कोटी भरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने न थांबता धावणाऱ्या एसटीला तेथे पोहोचण्यास साडेपंधरा कोटी वर्षे लागतील. तरीही ताऱ्यांच्या हिशेबात व्याध हा आपला अगदी जवळचा शेजारी आहे.

याउलट अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. व्याध सूर्याच्या सुमारे २५ पट प्रकाश देतो, तर अगस्त्य दहा हजार पटींहून अधिक. अगस्त्याला आणून व्याधाच्या जागी ठेवले, तर तो शुक्राच्या अनेक पट झळकेल आणि त्याच्या उजेडात आपली सावली जमिनीवर स्पष्ट पडेल. आणि आपल्या सूर्याला व्याधाच्या अंतरावर नेऊन ठेवले, तर तो जेमतेम ध्रुवताऱ्याएवढा दिसेल. तात्पर्य, व्याधाचे दिसणारे तेज हे काही अंशी त्याच्या सामर्थ्याचे आणि बऱ्याच अंशी त्याच्या जवळिकीचे फळ आहे. जे डोळ्यांना मोठे दिसते ते मोठेच असते असे नाही, आणि जे लहान दिसते ते लहानच असते असेही नाही. अंतर मोजल्याखेरीज निर्णय देता येत नाही.

रंग, तापमान आणि लुकलुकणे

तापलेल्या लोखंडाचा रंग लोहाराच्या भट्टीत जसा आधी लाल, मग पिवळा आणि अखेर पांढरा होतो, तसाच ताऱ्याचा रंग त्याचे तापमान सांगतो. रोहिणी आणि मृगातील काक्षी हे तांबूस तारे तुलनेने थंड. सूर्य पिवळसर, त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. व्याध निळसर पांढरा, त्याचे तापमान साडेनऊ हजार अंशांहून अधिक. व्याधाचा व्यास सूर्याच्या १.७ पट असून त्यातील द्रव्य सूर्याच्या सुमारे दुप्पट आहे. वयाने मात्र तो लहान आहे. सूर्य साडेचार अब्ज वर्षांचा, तर व्याध अवघा पंचवीस कोटी वर्षांच्या आतला. अधिक इंधन असूनही ते तो इतक्या वेगाने जाळतो की त्याचे आयुष्य सूर्याच्या मानाने थोडे ठरते.

क्षितिजाजवळ असताना व्याध लाल, हिरव्या, निळ्या रंगांत झपाझप चमकताना दिसतो. हे रंग ताऱ्याचे नसून आपल्या हवेचे खेळ आहेत. कमी-अधिक तापलेल्या हवेच्या थरांतून येताना प्रकाश सतत वाकतो आणि त्याचे रंग वेगवेगळे होतात. तारा वर चढला की हवेचा थर पातळ होतो आणि त्याचा शुभ्र रंग स्थिर होतो. ग्रह मात्र लहानशा तबकडीसारखे असल्याने सहसा लुकलुकत नाहीत. तारा आणि ग्रह ओळखण्याची ही सोपी कसोटी आहे.

न दिसणारा सोबती

तारे आकाशात खिळ्याने ठोकल्यासारखे स्थिर आहेत, असे माणूस हजारो वर्षे मानत आला. १७१८ साली एडमंड हॅली यांनी प्राचीन नोंदींशी तुलना करून व्याध, रोहिणी आणि स्वाती हे तारे आपल्या जागेवरून सरकले आहेत असे दाखवले. दीड हजार वर्षांत व्याध साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतका सरकतो. पुढे फ्रीडरिश बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने व्याधाच्या जागा अत्यंत काटेकोरपणे तपासल्या, तेव्हा त्याला दिसले की हा तारा सरळ रेषेत जात नसून किंचित हेलकावे खात आहे. एका हाताने जड बादली धरून चालणारा माणूस जसा एका बाजूला झुकतो, तसे हे हेलकावे होते. बादली दिसत नव्हती, झुकणे दिसत होते. १८४४ साली बेसेलने निष्कर्ष मांडला की व्याधाला एक अदृश्य सोबती असला पाहिजे. दोनच वर्षांनी तो निवर्तला. त्याचे म्हणणे डोळ्यांनी खरे ठरलेले पाहण्याचे त्याच्या नशिबी नव्हते.

३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क हा भिंगे बनवणारा कारागीर नव्या दुर्बिणीची चाचणी घेत असताना त्याला व्याधाच्या झगमगाटाला खेटून एक मिणमिणता ठिपका दिसला. बेसेलने सांगितलेला सोबती तो हाच. तो व्याधाच्या सुमारे दहा हजारांश तेजाचा असून दोघे एकमेकांभोवती सुमारे ५० वर्षांत एक फेरी पूर्ण करतात.

खरे आश्चर्य पुढेच होते. १९१५ साली वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी या सोबत्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, तेव्हा तो थंड नसून अतिशय उष्ण असल्याचे आढळले. इतका उष्ण असून इतका अंधूक, म्हणजे तो आकाराने फारच लहान असला पाहिजे. त्यात सूर्याएवढे द्रव्य आहे, परंतु आकार केवळ पृथ्वीएवढा! त्यातील चहाचा एक चमचाभर पदार्थ सरासरीने बारा टन भरेल. अशा ताऱ्यांना श्वेतबटू म्हणतात. हा सोबती एकेकाळी व्याधाहून मोठा आणि अधिक तेजस्वी होता. आपले इंधन आधी संपवून तो आकसला. व्याधाचीही अखेर अशीच होणार आहे. जे जुळून आले ते विखुरणारच, हा नियम ताऱ्यांनाही चुकलेला नाही.

श्वेतबटूंचे कोडे उलगडण्यात एका भारतीय तरुणाचा मोठा वाटा आहे. १९३० साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचा पदवीधर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर उच्च शिक्षणासाठी मुंबईहून बोटीने निघाला. वय अवघे एकोणीस. त्या प्रवासात केलेल्या गणितातून त्याला दिसले की श्वेतबटूच्या वजनाला मर्यादा आहे. पुढे निश्चित झालेली ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. त्याहून जड तारा श्वेतबटू म्हणून टिकूच शकत नाही. १९३५ साली लंडनच्या सभेत सर आर्थर एडिंग्टन यांच्यासारख्या दिग्गजाने हे मत उडवून लावले. चंद्रशेखर यांनी वाद वाढवला नाही आणि गणितही सोडले नाही. १९८३ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींनी ही घटना आठवणीत ठेवावी. मोठ्या नावाच्या माणसाने नाकारले म्हणून खरे गणित खोटे ठरत नाही.

तारा आणि आपले नशीब

येथवर व्याधाने आपल्याला स्वतःविषयी पुष्कळ सांगितले. आपल्या नशिबाविषयी तो काही सांगतो काय?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गाढ झोपेतील हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना ती पहाट विसरता येणे शक्य नाही. गणिताने पाहता त्या क्षणी व्याध आग्नेय दिशेला, क्षितिजापासून जवळजवळ चार मुठी उंचीवर होता. १९९२ सालच्या त्याच तारखेला त्याच वेळी तो तेथेच होता, १९९४ सालीही तेथेच होता, आणि यंदाही तेथेच असेल. त्याच जागी असलेला तारा एका वर्षी अनर्थ घडवतो आणि शंभर वर्षे काहीच करत नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही. भूकंपाचे कारण जमिनीखालील खडकांत साठलेल्या ताणात होते आणि प्राणहानीचे मोठे कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींत होते. कारण कळले म्हणूनच पुढे भूकंपरोधक घरे बांधता आली. आकाशाला दोष देत बसलो असतो, तर भिंती तशाच राहिल्या असत्या.

हीच गोष्ट जन्मनक्षत्राची. अमुक नक्षत्रावर जन्मली म्हणून मुलीचे लग्न अडते, बाळाच्या शांतीसाठी कर्ज काढले जाते, चांगले स्थळ मुहूर्तापायी हातचे जाते. जगात दररोज लाखो बालके जन्मतात. त्या सर्वांवर आकाशात एकच नक्षत्र असते. सर्वांचे आयुष्य मात्र एकसारखे होत नाही. फरक पडतो तो दूध, औषध, शाळा आणि माया यांमुळे.

भगवान बुद्धांच्या काळीही हा प्रश्न होता. जातककथांमध्ये ‘नक्खत्त जातक’ या नावाची एक छोटी कथा आहे. नगरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलीशी लग्न ठरवले. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून रागावलेल्या त्यांच्या गुरूने, आज नक्षत्र चांगले नाही, असे सांगितले. वऱ्हाड गेलेच नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहून तिचे लग्न दुसऱ्या वराशी लावून दिले. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोहोचले, तेव्हा भांडण झाले. तेथे आलेल्या एका शहाण्या माणसाने विचारले की नक्षत्राचा येथे काय संबंध? मुलगी मिळणे हेच तर भाग्य होते! दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तातही ग्रहताऱ्यांवरून भविष्य सांगून पोट भरणे हे श्रमणाला अयोग्य म्हटले आहे. आकाशाकडे पाहणे येथे वर्ज्य ठरवलेले नाही. त्या पाहण्यातून भीती विकणे वर्ज्य ठरवले आहे.

समारोप

व्याधाविषयी आज जे ज्ञात आहे, ते कोणा एकाला साक्षात्काराने मिळालेले नाही. हॅलीने जुन्या नोंदी जपून वाचल्या, बेसेलने किंचितसा हेलकावा दुर्लक्षित केला नाही, क्लार्कने भिंग नीट घासले, अ‍ॅडम्सने प्रकाश उकलला आणि चंद्रशेखरांनी गणित सोडले नाही. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः येऊन पाहा आणि पडताळा घ्या, ही शिकवण आपल्याला परकी नाही.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. शहरांतील दिव्यांच्या उजेडात तारे दिसेनासे झाले असताना आपल्या तालुक्यात अद्याप काळोख शिल्लक आहे. ही आपली संपत्ती आहे. येत्या हिवाळ्यात एका रात्री मुलांना अंगणात किंवा माळावर न्यावे. मृगाचा बाण दाखवावा, त्यावरून व्याध शोधू द्यावा, मुठींनी त्याची उंची मोजू द्यावी आणि वेळ वहीत लिहू द्यावी. ज्या मुलाने तारा स्वतः मोजला आहे, त्याला ताऱ्याची भीती घालणे कोणालाही सोपे जाणार नाही.